न सांगता केलेली मॅनेजर

अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये कुणाचं माणूस गेलं आणि त्याचा विमा हॅलोवेल म्युच्युअलमध्ये असला, तर घरच्यांना पहिला फोन यायचा तो डेलरोज पिनॉकचा. चौतीस वर्षं ती हेच काम करत होती. "मी हॅलोवेलमधून बोलतेय. कागदपत्रांचं नंतर बघू. आधी सांगा, सकाळपासून काही खाल्लंत का?" कंपनीने फोनवर काय बोलायचं ते छापून दिलं होतं, त्यात हे वाक्य नव्हतं. त्यावरून तिला दोनदा लेखी समज मिळाली होती. दोन्ही समजपत्रं तिने टेबलाच्या खणात ठेवली आणि वाक्य तसंच चालू ठेवलं.

तिच्याशिवाय कुणाला न जमणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. अल्बनी अव्हेन्यूवरच्या जमैकन म्हाताऱ्यांना दोन-दोन नावं असतात, जन्मदाखल्यावर एक आणि आयुष्यभर हाक मारायला दुसरंच. विम्यावर एक नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर दुसरं दिसलं की बाकीचे तपासनीस दावा बाजूला टाकायचे. डेलरोज तिथल्या चर्चच्या बाईंना फोन लावायची, पाच मिनिटांत खातरजमा करायची आणि विधवेचे पैसे सुटायचे. किती घरं तिने अशी वाचवली असतील, त्याची नोंद कुठेही नाही. नोंदींचं मला बरं ठाऊक, कारण त्या ठेवण्याचं काम माझं होतं.

मी दोन मजले वर, कर्मचाऱ्यांच्या नोंदींच्या खात्यात. माझं नाव उज्ज्वला. ते त्या इमारतीत वीस वर्षांत एकालाही नीट म्हणता आलं नाही. डेलरोजने माझ्या पहिल्याच आठवड्यात तो प्रश्न मिटवला. "तुझ्या आईची माफी मागते," ती म्हणाली, "पण आजपासून तू जुवेल."

तिचे वडील जमैकाहून शेजारच्या विंडसर गावच्या तंबाखूच्या मळ्यांवर मजूर म्हणून आले. पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली जमिनीवर बसायचं, बूड घासत पुढे सरकायचं आणि रोपाची तळची पानं खुडायची. नऊ वर्षांची डेलरोज आईबरोबर मागून आली. शाळा संपल्यावर तिला हॅलोवेलमध्ये फायली लावण्याचं काम मिळालं, तेव्हा वडिलांनी ब्लू हिल्स वस्तीत दारोदारी जाऊन सांगितलं की पोरगी सावलीत बसून काम करते. पुढे ती तपासनीस झाली, मग वरिष्ठ तपासनीस. आणि तिथेच राहिली.

गटाच्या मॅनेजरची जागा तिच्यासमोर चार वेळा रिकामी झाली. चारही वेळा तिने अर्ज केला आणि चारही वेळा नकाराचं पत्र आलं. वर, ज्याची निवड झाली त्याला काम शिकवायला तिलाच सांगितलं. शेवटचा होता ब्रेंडन, वय एकोणतीस, स्वभावाने गरीब. तीन महिने तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचा.

"डेलरोज, इथे 'मृत्यूचं कारण तपासाधीन' लिहिलंय. मग पैसे द्यायचे की थांबायचं?"

"साहेब तू आहेस बाळा. तू सांग."

"सांग ना, प्लीज."

"द्यायचे. आणि त्या बाईंना स्वतः फोन कर. ईमेल पाठवलास तर बघ."

त्या चौथ्या पत्रात लिहिलं होतं की, आपल्याला व्यवस्थापनाचा अनुभव नाही. मी ते पत्र पाहिलं होतं. पाकिटात मीच घातलं होतं.

मग शहराच्या सभेने एक ठराव केला. शहराच्या कामगारांच्या पेन्शनचा पैसा ज्या ज्या विमा कंपनीकडे आणि बँकेकडे आहे, तिने आपल्याकडे कोण कुठल्या पायरीवर काम करतं ते जाहीर करायचं. गोरे किती, काळे किती, बायका किती, आणि साहेबांच्या खुर्चीत त्यांतले किती. वर्षानुवर्षं हे तक्ते सरकारकडे गुपचूप जात होते, आता ते लोकांना वाचता येणार होते. ठराव चांगला होता, फक्त त्यात एक भोक होतं. कुठली नोकरी कुठल्या पायरीची, हे ठरवायचं कंपनीनेच.

तक्ता माझ्या खात्यातून निघायचा. आमच्याकडची पद्धत ऐकाल तर चीड येईल. ज्यांनी अर्जात आपला वंश भरला नाही, त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो बघून आम्ही तो भरायचा. फोटो बघायचा, अंदाज करायचा, खूण करायची. एकदा मी एका इटालियन म्हाताऱ्याला उन्हाळ्यातल्या फोटोवरून भलत्याच रकान्यात टाकलं होतं. तो निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावर लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी डेलरोज त्याचा कागद घेऊन कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसली. डब्यात बोकडाची करी होती. तिने झाकणसुद्धा उघडलं नाही.

"जुवेल, हे बघ. व्यवस्थापक, काळ्या स्त्रिया, एक्केचाळीस. कोण ह्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण? नावं सांग. क्लोडेट, अंडररायटिंगची. ती ट्रिनिडादची उंच बाई. पेन्शनमधली ती, जिचा नवरा दाताचा डॉक्टर..." तिने बोटं दुमडत मोजलं. बारावर थांबली. "चौतीस वर्षं ह्या इमारतीत आहे मी. इथल्या प्रत्येक काळ्या बाईच्या मुलांची नावं मला पाठ आहेत. बाराच आहेत. बाकीच्या एकोणतीस कुठे बसतात? तळघरात?"

"कदाचित दुसऱ्या शाखांत..."

"ह्या तक्त्यात फक्त हार्टफर्ड आहे. वर लिहिलंय." तिने कागदावर बोट आपटलं. "अगं, तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या माणसाचे वारस मी अलास्कातून शोधून काढते. मला एकोणतीस जिवंत बाया सापडत नाहीत?"

मी खाली मान घालून जेवत होते. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली. "नुसता भात चिवडतेयस कधीची."

मला माहीत होतंच. अकरा वर्षांपूर्वी वरिष्ठ तपासनिसांचं पद बदलून 'दावे प्रमुख' असं केलं होतं, बाकीच्या खात्यांतही असंच. पगार तोच, काम तेच, टेबलही तेच. त्या आठवड्यात मला आमच्या खात्याचे उपाध्यक्ष टॉड व्हिटकोम यांचा एका ओळीचा ईमेल आला, की 'प्रमुख' नावाची सगळी पदं यापुढे तक्त्यात व्यवस्थापक म्हणून धरावीत. मी माझ्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. दोन मिनिटं लागली असतील. का म्हणून विचारलं नाही. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा कंपनीच्या हातात होते. असं मी स्वतःला अनेकदा सांगितलंय, डेलरोजला कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी एवढंच म्हणाले, "आपली फाइल बघायचा तुला कायद्याने हक्क आहे. लेखी अर्ज कर."

तिने तिथेच, तक्त्याच्या पाठीवर अर्ज लिहिला.

फाइल बघायची ती खोली लहान, बिनखिडकीची. नियमाप्रमाणे मी समोर बसायचं, कागद हलू नयेत म्हणून. डेलरोजने चष्मा लावला आणि पानन् पान वाचू लागली, जशी ती मृत्यूचे दाखले वाचायची, ओठ मिटून. मधल्या एका पानावर थांबली. मग मागे जाऊन आणखी एक पान काढलं. दोन्ही शेजारी ठेवली.

"जुवेल, ह्या बाईला ओळखतेस?" पहिल्या पानावर बोट. "ही डेलरोज पिनॉक. मॅनेजर. अकरा वर्षं झाली." दुसऱ्या पानावर बोट. "आणि ही डेलरोज पिनॉक. हिला व्यवस्थापनाचा अनुभव नाही, म्हणून हिला मॅनेजर करता येत नाही. दोघी एकाच फायलीत राहतात बघ, आणि एकमेकींना कधी भेटल्या नाहीत."

मी दोन्ही पानांवरच्या तारखा बघितल्या.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी अकरा वर्षं मॅनेजर आहे आणि मला कुणी सांगितलं नाही. सगळ्या जगाला दाखवायला मी साहेब. मला दाखवायला मी कोण? हे कुणी केलं?"

"हुकूम वरून आला," मी म्हणाले. "ओळ मी बदलली."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठली, दोन्ही पानांच्या प्रती मागितल्या, त्या मिळाल्याची सही केली आणि दारात वळून म्हणाली, "थँक्यू, उज-वा-ला."

वीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझं खरं नाव घेतलं. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

त्यानंतर दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही. पण रोज माझ्या टेबलावर एकेक अर्ज यायला लागला. बिलिंगच्या मार्व्हा बोगल, टपालखात्यातल्या एक, पेन्शनच्या फोनवर बसणाऱ्या तिघी. प्रत्येकीच्या अर्जातली भाषा एकच. डेलरोज जेवणाच्या सुट्टीत मजल्यामजल्यावर फिरत होती. 'प्रमुख' पाटी असलेली बाई दिसली की विचारायची, "तुझ्या हाताखाली कोण गं?" बाई हसायची, "माझा कीबोर्ड." मग डेलरोज तिच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवायची.

तेवीस बायकांनी त्या खोलीत माझ्यासमोर बसून आपण मॅनेजर असल्याचं वाचलं. एक खदखदून हसली. एक रडली. टपालखात्यातली म्हणाली, "मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचा हुद्दा' असं होतं. मी 'कामगार' लिहिलं. मला सांगितलं असतं तर!" त्या प्रत्येकीसमोर मी बसून राहिले. माझ्यापुरती तीच शिक्षा होती.

तेविसावी फाइल बघून झाली आणि व्हिटकोमनी डेलरोजला वर बोलावलं. पुढचं सगळं तिने मला नंतर सांगितलं, आणि तिचा नवरा एव्हर्टन त्यात नकला घालून सांगतो. तो शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, रविवारी कीनी पार्कात क्रिकेटचा पंच म्हणून उभा राहायचा.

"डेलरोज, तुमच्या भावना मी समजू शकतो," व्हिटकोम म्हणाले.

"माझ्या भावना राहू द्या. माझ्या हाताखालच्या माणसांची यादी द्या."

"हे बघा, ही केवळ वर्गवारीची बाब आहे. तुम्ही तर हॅलोवेलच्या कुटुंबातल्या."

"कुटुंबात वाढदिवसाला सांगतात हो, तू मोठी झालीस म्हणून."

मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. एक तारखेपासून गटाच्या मॅनेजरची जागा, खरीखुरी, सात माणसं हाताखाली. खाली सहीची जागा, आणि सहीच्या वर बारीक अक्षरांत एक अट. कंपनीच्या अंतर्गत वर्गवारीबद्दल बाहेर काही बोलायचं नाही.

डेलरोजने तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे मी मॅनेजर होते हे कुणाला सांगायचं नाही, आणि आता मॅनेजर झाले हे सगळ्यांना सांगायचं?"

"तसं शब्दशः नाही..."

"आणि बाकीच्या अठ्ठावीस जणी?"

व्हिटकोमनी घड्याळाकडे बघितलं.

ती सही न करता खाली आली. घरी एव्हर्टनने ऐकून घेतलं, गॅसवरचा भात उतरवला आणि म्हणाला, "तशी तू अकरा वर्षं मॅनेजरच ना. तुझ्या हाताखाली मी आहे. मला कधी रजा दिलीस?" तिने ओलं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. मग टेबलाशी बसून रडली. लग्नानंतर तिला रागाने रडताना त्याने पहिल्यांदा बघितलं, असं तो म्हणतो, आणि इथे नक्कल करत नाही.

शहराच्या सभेत हॅलोवेलच्या कराराच्या नूतनीकरणावर सुनावणी होती. मंगळवारी संध्याकाळी, नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर. व्हिटकोमनी पडद्यावर तक्ता दाखवला, हसऱ्या बायकांचे फोटो दाखवले. एका फोटोत पेन्शनच्या फोनवरची एक बाई होती. तो फोटो कंपनीच्या सहलीत काढलेला, तिच्या हातातलं मक्याचं कणीस कापून टाकलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, आकड्यांबद्दल काही विचारलं तर उत्तर द्यायला.

नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. डेलरोज चर्चला घालायचा निळा कोट घालून आली होती. तिच्यामागे अकरा जणी, सगळ्या उभ्या.

"मी त्या एक्केचाळिसांतली एक," ती म्हणाली. "ह्या गृहस्थांना माझा एकच प्रश्न आहे. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका माणसाचं नाव सांगा. एकाचं. आडनाव नको."

व्हिटकोमनी घसा साफ केला. अध्यक्षस्थानी लुझ सेरानो होत्या, पेन्शन समितीच्या. त्या म्हणाल्या, "उत्तर द्या. आम्हालाही ऐकायचंय."

"मला वाटतं," व्हिटकोम म्हणाले, "नोंदींच्या खात्यात काही कारकुनी चूक झाली असावी."

माझ्या पिशवीत त्या ईमेलची प्रत होती. सकाळीच घरून काढून आणली होती, का ते स्वतःलाही नीट न सांगता. उभं राहायचं आणि बोलायचं, एवढंच काम होतं. मी पिशवी घट्ट धरून बसून राहिले.

डेलरोजने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "चूक?" ती म्हणाली. "चूक कशी असते मला माहीत आहे, मी चौतीस वर्षं चुका शोधतेय. चूक कधी इकडे होते, कधी तिकडे. ही अकरा वर्षं एकाच बाजूला झाली. ह्या अकरा वर्षांत चुकून एकदा माझा पगार वाढला? चुकून मला केबिन मिळाली? चारपैकी दोन नकार ह्याच काळातले, त्यात चुकून होकार गेला? माझा चेहरा तुम्हाला तक्त्यात हवा होता आणि खुर्चीत नको होता. याला चूक म्हणत नाहीत. माझ्या वडिलांना मळ्यावर मुकादम तोंडावर सांगायचा, तू मजूर. तुम्ही तेवढाही प्रामाणिकपणा दाखवला नाहीत."

तिची एक मिनिट दहा सेकंदं उरली होती. ती तशीच सोडून ती खाली बसली.

चार दिवसांनी शहराच्या वकिलाचं माझ्या नावे पत्र आलं, की वर्गवारी कुणाच्या सांगण्यावरून बदलली ते कागदपत्रांसह कळवा. आता विचारलंच होतं, तेव्हा मी ईमेल पाठवला. संध्याकाळी गाड्या लावायच्या जागेत डेलरोज भेटली. मी तिला सांगितलं.

"मागितल्यावर दिलास," ती म्हणाली.

"हो."

"न मागता देण्याची संधी मंगळवारी होती."

"हो."

तिने गाडीचं दार उघडलं, आत पिशवी टाकली. "ठीक आहे, जुवेल," ती म्हणाली, आणि गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजतागायत म्हणालेली नाही.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात एक्केचाळीसच्या जागी तेरा होते. तेरावी म्हणजे सुनावणीनंतर बढती मिळालेली बिलिंगची एक मुलगी. व्हिटकोमना कुठल्याशा व्यापारी मंडळाने पारदर्शकतेसाठी सन्मानचिन्ह दिलं. ते वाचून मी वर्तमानपत्र कचऱ्यात टाकलं आणि थोड्या वेळाने परत काढून फाडून टाकलं. 'प्रमुख' हे पद रद्द झालं, सगळ्याजणी पुन्हा 'वरिष्ठ'. अकरा जणींनी राज्याच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. ती दोन वर्षं चालली आणि तडजोडीत संपली. काय मिळालं ते सांगायला त्यांना बंदी आहे, पण कुणी घर घेतलेलं मला दिसलं नाही.

आणि सगळ्या काही तिच्यावर खूश नव्हत्या. मार्व्हा बोगल तिला लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "पोकळ का होईना, नाव होतं. दुसरीकडे अर्ज करताना कामाला आलं असतं. तुझ्या तोऱ्यापायी तेही गेलं." त्या रात्री डेलरोजला झोप लागली नाही, हे मला एव्हर्टनने सांगितलं.

ती तिच्याच टेबलावरून निवृत्त झाली. शेवटच्या दिवशीसुद्धा साडेचारला एका विधुराला जेवलात का म्हणून विचारत होती, आणि ब्रेंडन दारात डोळे पुसत उभा होता.

आता ती शहराच्या समितीवर आहे, बिनपगारी. दर मार्चमध्ये बँकांचे आणि विमा कंपन्यांचे तक्ते तिच्याकडे येतात. सेरानोबाईंनी ठरावातलं ते भोक बुजवलं. तक्त्यात एक नवा रकाना घातला, व्यवस्थापक म्हणून दाखवलेल्या प्रत्येकाच्या हाताखाली किती माणसं. त्या रकान्याला ठरावात लांबलचक नाव आहे, पण नगरभवनातले कारकून त्याला 'पिनॉक' म्हणतात. "पिनॉक भरलाय का? नसेल तर परत पाठव."

गेल्या वर्षी एका बँकेने दोनशे व्यवस्थापकांपुढे त्या रकान्यात 'लागू नाही' असं लिहून पाठवलं. डेलरोजने मला फोन केला. मी हॅलोवेल सोडलंय आता, तिला आकडे लावून द्यायला जाते. मी पोचले तेव्हा ती कोट न काढताच टेबलाशी उभी होती, चष्मा कपाळावर, चेहरा रागाने तापलेला.

"दोनशे!" ती म्हणाली. "आम्ही तर एकोणतीसच होतो. बस. कागद काढ. नावानिशी सुरुवात करू."